घरात दोन भाषा बोलल्यामुळे मूल उशिरा बोलायला लागतं का?

नाही, दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही. बहुतेकदा होतं काय, की आपण एकाच भाषेतले शब्द मोजतो आणि मूल मागे पडलंय असं ठरवून टाकतो. दोन्ही भाषांतले मिळून मोजा. दोन वर्षांच्या आसपास साधारण ५० शब्द आणि 'बाबा ये', 'अजून दूध' अशी दोन शब्दांची जोडणी दिसायला हवी. उच्चार बोबडे असले तरी चालतात. भाषा येते ती समोरासमोरच्या बोलण्यातून. बाळं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ सालच्या प्रयोगात ९ महिन्यांची अमेरिकी बाळं समोर बसलेल्या व्यक्तीकडून मँडरिन या चिनी भाषेतले ध्वनी वेगळे ओळखायला शिकली. तोच मजकूर व्हिडिओवर दाखवला तेव्हा मात्र काहीच फरक पडला नाही. त्यामुळे एक भाषा बंद करण्यापेक्षा मोबाइल बंद करा. मूल कुत्र्याकडे बोट दाखवून 'भू' म्हणालं, तर 'हो, भूभू पळाला!' असं वाढवून परत द्या आणि मग थांबा, त्याला वेळ द्या. (मोठ्यांना हे थांबणंच जमत नाही.)

मात्र दोन वर्षं उलटूनही मूल दोन शब्द जोडत नसेल, दीड वर्षाचं होऊनही बोटाने काही दाखवत नसेल किंवा कोणत्याही वयात येत असलेले शब्द बोलेनासं झालं असेल, तर दोष भाषांवर ढकलू नका. आधी कान तपासून घ्या, मग स्पीच थेरपिस्टला भेटा. 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून वाट बघत बसू नका.