कृती नोंदवायची की मुद्रित करायची?

डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याच्या वर्गासाठी मराठीत टिपणं लिहिणाऱ्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे : इलस्ट्रेटर या चित्रं काढण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘ॲक्शन रेकॉर्ड करणे’ला (ॲक्शन म्हणजे एकदा साठवून पुन्हा पुन्हा चालवता येणारी आज्ञांची यादी) ‘स्वयंचलित क्रियांचे मुद्रण’ म्हटलं तर चालेल का? आणि ॲक्शन, मॅक्रो या दोन्हींना एकच शब्द वापरावा का?

‘मुद्रण’ आधी बाजूला ठेवू या. ध्वनिमुद्रण हा शब्द चांगला रुळला आहे, त्यामुळे रेकॉर्ड म्हटलं की आपण आपसूक तिकडे वळतो. पण बाई, तुमचे विद्यार्थी उद्या छापखान्यात नाहीतर लग्नपत्रिकांच्या दुकानात बसणार. तिथे मुद्रण म्हणजे छपाई. ‘क्रियांचे मुद्रण करा’ वाचून एखादा सरळ प्रिंट देऊन मोकळा होईल!

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. ध्वनिमुद्रणात कानावर पडेल ते सगळं उतरतं, मधला खोकलासुद्धा. इलस्ट्रेटर असं काही करत नाही. तुम्ही कोणती आज्ञा दिली आणि तिच्यात कोणते आकडे भरले, एवढंच तो ओळीने लिहून घेतो. मधेच चहाला उठून गेलात तरी यादीत त्याचा मागमूस नसतो. पेन, पेन्सिल, पेंटब्रश, कात्री, आयड्रॉपर या टूल्सनी केलेलं काम तर थेट उतरतच नाही. काढलेली रेघ यादीत यायला हवी असेल तर ती निवडून ‘इन्सर्ट सिलेक्ट पाथ’ने मुद्दाम घालावी लागते. व्ह्यू मेनूतल्या आज्ञांचीही तीच गत, त्या ‘इन्सर्ट मेनू आयटेम’ने हाताने टाकायच्या. म्हणजे हा प्रकार टेपवर आवाज भरण्यापेक्षा आवक-जावक रजिस्टरात नोंद करण्याच्या जवळचा आहे. तक्रार नोंदवतात, मत नोंदवतात, तशी कृती नोंदवावी. वर्गात बोलताना सगळे ‘रेकॉर्ड कर’च म्हणणार, खुशाल म्हणू द्या. बटणाचं नावही तेच आहे.

आता ‘क्रिया’ की ‘कृती’? माझं मत निःशंकपणे कृतीच्या बाजूने. क्रिया हा शब्द व्याकरणापासून शरीरशास्त्रापर्यंत इतका पसरलेला आहे की त्यातून ‘क्रमाने करायच्या पायऱ्या’ हा अर्थ चटकन निघत नाही. ‘कृती’ला तो अर्थ पाककृतींनी कधीच मिळवून दिला आहे : वर साहित्य, खाली कृती. एकाने लिहून ठेवायची आणि दुसऱ्याने त्याच क्रमाने करायची. ॲक्शन्स पॅनेलमध्ये नेमकी अशीच यादी असते.

‘स्वयंचलित’ मात्र गाळा. नोंदवलेली कृती आपण होऊन चालत नाही, प्लेचं बटण दाबल्यावर चालते. तेव्हा ‘कृती नोंदवणे’ आणि ‘कृती चालवणे’ ही जोडी पुरे.

टिपणात ही भाषा कशी दिसेल ते बघा. फाइल बाहेर छपाईला देण्याआधी अक्षरांचे कर्व्ह करायचे असतात, म्हणजे त्यांचं फॉन्टशी नातं तोडून नुसते आकार करायचे असतात, कारण समोरच्याकडे आपला श्रीलिपीचा फॉन्ट असेलच असं नाही. त्याची कृती अशी लिहिता येईल : ‘नव्या कृतीला नाव द्या. गोल बटण लाल झालं की नोंद सुरू झाली. अनलॉक ऑल, सिलेक्ट ऑल, क्रिएट आउटलाइन्स या आज्ञा याच क्रमाने द्या. मग चौकोनी बटणाने नोंद थांबवा.’ अनलॉकची पायरी राहिली तर लॉक केलेला मजकूर निवडला जात नाही, तो फॉन्टमध्येच राहतो आणि छापून येतो तेव्हा त्याची भलतीच अक्षरं झालेली असतात.

मधे कृती थांबवून वापरणाऱ्याला सूचना दाखवायची सोय असते, ‘इन्सर्ट स्टॉप’. त्याला एसटीमुळे घरोघरी पोचलेला ‘थांबा’ हा शब्द आयता आहे. ‘तिसऱ्या पायरीनंतर थांबा घाला.’ याहून सोपं काय हवं?

मॅक्रोला मात्र वेगळं ठेवा. हा शब्द संगणकाच्या असेंब्ली या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या ‘मॅक्रोइन्स्ट्रक्शन’वरून आखूड झाला : एक आज्ञा लिहायची, तिच्या जागी अनेक आज्ञा उलगडायच्या. कोरलड्रॉ या दुसऱ्या चित्रं काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवलेला मॅक्रो व्हीबीए या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कोडमध्ये साठतो, तो उघडून त्यात जर-तर घालता येतं. इलस्ट्रेटरच्या कृतीत जर-तरला जागा नाही, त्यासाठी जावास्क्रिप्टसारख्या भाषेत वेगळी स्क्रिप्ट लिहावी लागते. दोन्हींना ‘कृती’ म्हटलं तर हा फरक पुसला जाईल. आणि मॅक्रोला ‘बृहदाज्ञा’ वगैरे करायला जाऊ नका, व्याकरणात बसेल पण दुकानात कोणी उच्चारणार नाही. तो मॅक्रो, ती स्क्रिप्ट, ती ॲक्शन ही लिंगं बोलण्यात ठरल्यासारखी आहेत, तशीच लिहा.

वर्गात कोणी इंकस्केप हे चित्रं काढण्याचं मोफत सॉफ्टवेअर वापरत असेल तर एक खुलासा टिपणात हवाच. तिथेही ‘ॲक्शन’ हा शब्द भेटतो, पण तिथे ती नावाने बोलावता येणारी एकेक आज्ञा असते. २०२० च्या १.० आवृत्तीपासून अशा आज्ञांची माळ कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा नुसती टाइप करून, चालवता येते. तिथे ‘कृती’ न म्हणता ‘आज्ञा’ म्हणणंच बरं.

राहता राहिलं शुद्धलेखन. सुटा शब्द ‘कृती’, दीर्घ. अनेकवचनही ‘कृती’च. समासात पहिलं पद झाला की ऱ्हस्व, म्हणजे ॲक्शन सेटला ‘कृतिसंच’. बोर्डाच्या ‘कृतिपत्रिके’मुळे तुमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांखालून ते रूप गेलेलं असेल.