डाळ-तांदूळ दिल्याने क्षयरोग टळतो, हे झारखंडमधील संशोधन कितपत खरे मानावे?

आपण लिहिले आहे की, "चांगल्या आहाराने क्षयरोग निम्म्यावर येतो, भारतीय संशोधकांनी सिद्ध केले" अशी बातमी आपण वाचली, आपल्या थोरल्या भावाला नुकतेच फुप्फुसाच्या क्षयरोगाचे निदान झाले आहे, आणि घरातील काही नातेवाईक आता गोळ्यांपेक्षा खाण्यापिण्याकडे लक्ष द्यावे असे म्हणू लागले आहेत. मी एका वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषधवैद्यकशास्त्र शिकवतो आणि हे संशोधन विद्यार्थ्यांसमवेत बारकाईने वाचले आहे, म्हणून थोडे विस्ताराने उत्तर देतो. संशोधन भक्कम आहे. परंतु त्यात सिद्ध झालेली गोष्ट रुग्णाविषयीची नसून त्याच्यासोबत एका छपराखाली राहणाऱ्यांविषयीची आहे, आणि औषधांऐवजी आहार हा पर्याय त्यात कोठेही तपासलेला नाही. आपल्या भावाची एकही गोळी चुकता कामा नये.

या अभ्यासाचे नाव 'रॅशन्स'. मंगळुरू येथील येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेच्या सहकार्याने आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या निधीतून तो झारखंडमधील चार जिल्ह्यांत केला. ऑगस्ट 2019 मध्ये नोंदणी सुरू झाली आणि जुलै 2022 पर्यंत लोकांचा पाठपुरावा झाला, म्हणजे कोविडचा सगळा काळ त्यात आला. टाळेबंदीतही महिन्याचा शिधा खेड्यापाड्यांतील घरांपर्यंत पोहोचवणे ही गोष्ट शोधनिबंधात एखाद्या वाक्यात मावते, परंतु ज्यांनी क्षेत्रीय काम केले आहे त्यांना तिची किंमत कळेल. एकूण 2,800 रुग्ण आणि त्यांच्या घरांतील 10,345 माणसे यात होती. सुमारे दोन तृतीयांश लोक संथाळ, हो, मुंडा, उराँव, भूमिज अशा आदिवासी समाजांतील होते आणि घरातील माणसांपैकी 34 टक्के कुपोषित होती.

शिधा सर्व रुग्णांना मिळाला. तांदूळ, भाजलेल्या हरभऱ्याचे सातू, दूध पावडर आणि तेल, मिळून दिवसाला सुमारे 1,200 उष्मांक आणि 52 ग्रॅम प्रथिने, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या. फरक केला तो घरातील इतरांच्या बाबतीत. निम्म्या भागात घरातील प्रत्येक प्रौढ माणसाला महिन्याला 5 किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ मिळाली, म्हणजे दिवसाला 750 उष्मांक आणि 23 ग्रॅम प्रथिनांची भर पडली. उरलेल्या निम्म्या भागात घरातील माणसे नेहमीचे जेवण जेवत राहिली. कोणत्या घराला काय द्यायचे हे घरागणिक ठरवले नव्हते. 28 क्षयरोग पथकांची कार्यक्षेत्रे घेऊन त्यांची यादृच्छिक विभागणी केली होती, आणि असे करण्याला व्यावहारिक कारण आहे. एकाच पाड्यावर एका घरात डाळ येते आणि शेजारच्या घरात येत नाही, अशा स्थितीत ती डाळ वाटली जाणारच, आणि वाटली गेली की दोन गटांतील फरक पुसला जातो. अन्नाची चाचणी औषधाच्या चाचणीसारखी दिखाऊ गोळी देऊन करता येत नाही, त्यामुळे कोणाला काय मिळते हे सर्वांना ठाऊक होते. ही मर्यादा खरी आहे. मात्र मोजलेला परिणाम "बरे वाटते का" असा नव्हता. नव्याने आढळलेल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे 70 टक्क्यांना फुप्फुसाचा क्षयरोग होता आणि तो प्रयोगशाळेत जंतू सापडून निश्चित झालेला होता, म्हणून या मर्यादेची धार बरीच बोथट होते.

आता आकडे. नेहमीच्या जेवणाच्या गटात 4,712 पैकी 122 जणांना, म्हणजे 2.6 टक्क्यांना, क्षयरोग झाला. शिधा मिळालेल्या गटात 5,602 पैकी 96 जणांना, म्हणजे 1.7 टक्क्यांना. इतर घटकांचा विचार करून काढलेली घट 39 टक्के येते, आणि केवळ जंतू सापडलेला फुप्फुसाचा क्षयरोग घेतला तर 48 टक्के. बातमीतील "निम्म्यावर" हा शब्द या दुसऱ्या आकड्यावरून आला असावा. संख्याशास्त्राच्या भाषेत 39 टक्क्यांभोवतीची मर्यादा 15 पासून 57 टक्क्यांपर्यंत आहे. परिणाम आहे याविषयी फारशी शंका नाही, तो नेमका किती याविषयी मात्र बरीच मोकळीक आहे. मला यातील सर्वांत उपयोगी आकडा वेगळाच वाटतो: एक नवा रुग्ण टाळण्यासाठी सुमारे 30 घरांना, म्हणजे 111 माणसांना, शिधा द्यावा लागेल असा अंदाज संशोधकांनी दिला आहे. डाळ-तांदळाचे भाव आपल्याला माहीत आहेत, त्यामुळे हा खर्च आपण स्वतःच मांडून पाहू शकता. सार्वजनिक आरोग्यातील अनेक मान्यताप्राप्त उपायांशी तुलना करता हा सौदा महाग नाही, असे माझे मत आहे, विशेषतः त्या अन्नाने इतर जे भले होते ते यात धरलेलेच नसताना.

असे का घडते, हे समजण्यास अवघड नाही. खोकल्यातून जंतू शरीरात शिरणे वेगळे आणि रोग होणे वेगळे. संसर्ग झालेल्या बहुसंख्य लोकांत शरीराची पेशीय प्रतिकारशक्ती जंतूंना आयुष्यभर दाबून ठेवते. ज्यांना रोग होतो त्यांच्यापैकी पुष्कळांना तो संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत होतो, आणि या अभ्यासाचा पाठपुरावा सरासरी तेवढाच होता. कुपोषणाने नेमकी हीच प्रतिकारशक्ती खचते. अनेक जुन्या पाहण्या एकत्र करून 2010 मध्ये केलेल्या विश्लेषणात बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) एका एककाने वाढला की क्षयरोगाचे प्रमाण सुमारे 14 टक्क्यांनी कमी आढळते असे दिसले होते. परंतु पाहणी म्हणजे प्रयोग नव्हे. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या पॅपवर्थ या क्षयरोग्यांच्या वसाहतीत 1918 पासून रुग्णांच्या कुटुंबांना काम, घर आणि पुरेसे अन्न मिळत होते आणि तेथे जन्मलेल्या मुलांत संसर्ग होऊनही रोग फारसा होत नसे. तरी त्यांपैकी कशाचे श्रेय अन्नाला द्यायचे हे सांगता येत नव्हते. ते प्रथमच झारखंडमध्ये मोठ्या प्रमाणावर, यादृच्छिक विभागणी करून, तपासले गेले.

मग इतकी साधी गोष्ट कळायला, म्हणजे झारखंडचे हे निष्कर्ष प्रसिद्ध व्हायला, 2023 का उजाडले, असा प्रश्न आपल्यालाही पडला असेल. याचे एक मोठे कारण भारतातच घडलेले आणि तितकेच उत्तम संशोधन आहे. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात मद्रासमध्ये, ज्या संस्थेतून आजची चेन्नईची संस्था उभी राहिली तिथेच, क्षयरोग्यांचे दोन गट करण्यात आले. एक गट आरोग्यधामात राहिला, त्याला विश्रांती आणि सकस जेवण मिळाले; दुसरा गट आपल्या दाटीवाटीच्या घरात, निकृष्ट जेवणावर राहिला. आयसोनायझिड आणि पास ही औषधे दोघांनाही वर्षभर दिली. 1959 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वर्षअखेरीस दोन्ही गटांत रोग आटोक्यात येण्याचे प्रमाण जवळपास सारखे होते. या एका अभ्यासाने जगभरातील क्षयरोग उपचार आरोग्यधामातून घरात आणला आणि असंख्य गरीब कुटुंबांची ताटातूट थांबवली, म्हणून त्याचे मोल कमी लेखू नये. परंतु त्याच्या प्रभावाखाली "औषधे असली की आहाराला महत्त्व नाही" असा एक समज वैद्यकीय शिक्षणात रुजला, आणि तो मूळ निष्कर्षापेक्षा फार पुढे गेलेला होता. मद्रासमध्ये विचारलेला प्रश्न असा होता की, चांगले जेवण नसतानाही औषधे जंतू मारतात काय. उत्तर होय असे आले आणि ते आजही होय असेच आहे. शेजारी झोपणाऱ्या उपाशी भावंडाला रोग होईल की नाही, यात जेवणाचा वाटा किती, हे तेथे विचारलेलेच नव्हते. त्यामुळे झारखंडचे संशोधन मद्रासच्या संशोधनाला खोटे ठरवते असे कोणी म्हणत असेल, तर त्याने दोन्ही नीट वाचलेली नाहीत.

आपल्या भावासंबंधी बोलायचे तर त्याच प्रकल्पातील दुसरा शोधनिबंध पाहावा लागतो, जो रुग्णांवर आहे. नोंदणीच्या वेळी पुरुष रुग्णांचे सरासरी वजन सुमारे 42 किलो आणि स्त्रियांचे सुमारे 36 किलो होते. यावरून कुपोषणाची खोली लक्षात यावी. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन 5 टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी आढळला. हा आकडा बातम्यांत 39 टक्क्यांच्या शेजारी एकाच वजनाने छापला गेला, आणि माझा आक्षेप आहे तो येथे. रुग्णांपैकी सर्वांनाच शिधा मिळाला होता, तुलनेसाठी शिधा न मिळालेला गट नव्हता; इतक्या कृश रुग्णांना अन्नावाचून ठेवणे अनैतिक ठरले असते, म्हणून तो नसणे योग्यच होते. परंतु त्यामुळे वजन वाढले म्हणून माणूस वाचला, की मुळात आजार कमी तीव्र असल्याने भूक परतली आणि वजनही वाढले, हे या माहितीवरून वेगळे काढता येत नाही. बहुधा दोन्ही घडत असावे. म्हणून 61 टक्के हा आहाराचा परिणाम आहे असे मी वर्गात सांगत नाही. दुसऱ्या महिन्यात वजन न वाढणे ही धोक्याची घंटा आहे, एवढे मात्र ठामपणे सांगतो.

हे निष्कर्ष महाराष्ट्रात लागू होतील काय? नंदुरबार किंवा गडचिरोलीसारख्या भागांत, जिथे कुपोषण तसेच आहे, तिथे ते लागू न होण्याचे कारण मला दिसत नाही. मुंबईच्या वस्त्यांविषयी मी अधिक सावध राहीन, कारण तिथे दाटी, कोंदट खोल्या आणि औषधांना न जुमानणारे जंतू यांचा वाटा मोठा आहे. ज्या घरात सर्वांचे वजन आधीच पुरेसे आहे तिथे जादा डाळ-तांदळाने 39 टक्के घट मिळेल, अशी अपेक्षा ठेवण्यास आधार नाही. आणखी एक मुद्दा असा की, अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटातील माणसाला महिन्याला 5 किलो धान्य मिळते, पण त्या हक्कात डाळ नाही. कोणा धोरणकर्त्याने मला विचारले, तर सर्वांत आधी मी डाळीकडे बोट दाखवेन.

आता आपल्या घरापुरते. भावाचे वजन आजच करून लिहून ठेवावे आणि दर महिन्याला त्याच काट्यावर पुन्हा करावे; दोन महिन्यांनंतर वाढ नसेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगावे. घरातील इतर सर्वांची तपासणी करून घ्यावी आणि कोणालाही रोग नसल्याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक औषधांविषयी विचारावे, कारण 2021 पासूनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती केवळ लहान मुलांना नव्हे, तर रुग्णाच्या घरातील सर्व वयाच्या माणसांना देता येतात. आहार आणि ही औषधे एकमेकांचे पर्याय नाहीत. निक्षय पोषण योजनेखाली उपचार सुरू असेपर्यंत रुग्णाच्या बँक खात्यात दरमहा 1,000 रुपये जमा होतात (नोव्हेंबर 2024 पूर्वी ते 500 होते). खाते क्रमांक नोंदवला गेला आहे ना, हे आरोग्य केंद्रातील क्षयरोग कर्मचाऱ्याला विचारावे. महागड्या प्रथिन-पावडरींवर पैसे घालू नयेत. अभ्यासातील शिध्यात एकही दुर्मीळ वस्तू नव्हती. आपल्याकडे डाळ, शेंगदाणे, फुटाणे, दूध आणि चालत असतील तर अंडी यांतून तेच साधते. भावाला मधुमेह असेल तर मात्र निव्वळ भात वाढवू नये, डाळ आणि अंडी वाढवावीत आणि रक्तातील साखर उपचाराच्या काळात नियमित तपासावी.