गोव्याच्या कलेत आणि संस्कृतीत कीटकांपासून घेतलेली प्रेरणा कुठे दिसते?

फुलपाखरं आणि काजवे सगळ्यांनाच सुचतात, पण माझं उत्तर एकच: वाळवी.

गोव्यात गावोगाव सातेरी या देवीची देवळं आहेत. त्यातल्या अनेक ठिकाणी गाभाऱ्यात देवी असते ती वारुळाच्या रूपात. इथे वारुळाला रोयण म्हणतात. वारूळ मुंग्यांचं असा सर्रास समज आहे, पण ते उभं करते वाळवी. मातीचा कण न् कण लाळेत कालवून ती रचत जाते आणि आतला ओलावा टिकवून धरते. अशा उंचसखल, सुळक्यांच्या मातीवर बऱ्याच ठिकाणी देवीचा मुखवटा बसवतात, साडी नेसवतात, फुलं वाहतात. मला तर हे आपल्याकडचं सगळ्यात थोर शिल्प वाटतं. निम्मं काम किड्यांनी केलेलं, निम्मं माणसांनी!

यामागे भूमीची, सुफलतेची पूजा आहे, आणि ती सुफलता पावसाळ्यात ताटातही दिसते. वाळवी वारुळात बुरशीची शेती करते. पावसात त्याच बुरशीची छत्री जमीन फोडून वर येते, ती म्हणजे रोयणीची अळमी (अळंबी). बाजारात पानात बांधून आलेली अळमी काय भावाने जाते, ते गोंयकाराला सांगायला नको. मात्र ती ओरबाडून काढू नये, वारूळ तर मुळीच खणू नये.

चित्रं काढत असाल, तर एखाद्या सातेरीच्या देवळात जा. आधी पुजाऱ्यांना विचारा, गाभाऱ्याचा फोटो बहुतेक ठिकाणी चालत नाही. वही मात्र सोबत असू द्या.