गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात पहिल्यांदा जाताय?

सोमवारी जाऊ नका, तेव्हा बंद असतं. आणि दुपारी बारालाही नको. विमानं उघड्यावर उभी आहेत, पत्रा तापलेला आणि फोटो पांढरेफटक! सकाळीच जा.

नवखे एक चूक हमखास करतात: तासाभरात सगळी विमानं 'उरकतात'. मीही तेच केलं होतं, घरी येऊन काहीच आठवेना. पहिल्या खेपेला तीनच निवडा.

- सी हॉक: शेपटीत धुराडं शोधाल, सापडणार नाही. जेटचा झोत दुभागून दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर पडतो, तिथे वाकून बघा. १९७१ च्या युद्धात विक्रांत या विमानवाहू जहाजावरून हीही उडाली.
- सी हॅरियर: कुशीला दोन-दोन, अशी जेटच्या झोताची चार फिरती तोंडं. ती खाली वळवली की विमान जागेवरून सरळ वर! २०१६ ला निवृत्त झालं.
- सुपर कॉन्स्टेलेशन: तीन शेपट्यांचं, एअर इंडियाकडून आलेलं. लांबूनच बघा, जवळून नुसतं पोट दिसतं.

फोटोआधी पाटी वाचा, वहीत चार ओळी खरडा. मॉडेल नंबर, इंजिनांचे प्रकार सध्या राहू द्या. आणि हो, पंखांवर हात टेकू नका, चटका बसतो.