इंद्रधनुष्य भर दुपारी का दिसत नाही?

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी विचारते, की इंद्रधनुष्य सकाळी किंवा संध्याकाळीच का दिसते? भर दुपारी ऊन आणि पाऊस एकत्र असले तरी ते का दिसत नाही? आणि ते जिथे जमिनीला टेकते, तिथे जाता येईल का?

उत्तर : तिला प्रथम हे सांगावे, की सूर्याचा पांढरा वाटणारा प्रकाश अनेक रंगांचा मिळून झालेला असतो. पावसाच्या थेंबात शिरताना हा प्रकाश वळतो, थेंबाच्या मागच्या बाजूवरून परावर्तित होतो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो. मात्र प्रत्येक रंग थोडा वेगळा वळत असल्याने ते एकमेकांपासून सुटे होतात. सूर्याकडे पाठ करून उभे राहिल्यास आपल्या डोक्याची सावली ज्या दिशेला पडते, त्या दिशेपासून सुमारे ४२ अंशांवरील थेंबांतून तांबडा रंग डोळ्यांपर्यंत पोहोचतो आणि सुमारे ४० अंशांवरील थेंबांतून जांभळा. म्हणजे एका क्षणी एक थेंब आपल्याला एकच रंग दाखवतो, आणि सगळा पट्टा असंख्य थेंबांचा मिळून होतो. एवढा कोन असणारे थेंब सावलीच्या दिशेभोवती वर्तुळातच असतात, म्हणून आकार कमानीचा. उरलेले वर्तुळ जमीन अडवते, आणि विमानातून ते कधीकधी पूर्ण दिसतेही.

सूर्य जसजसा वर चढतो, तसतशी डोक्याची सावली पायांजवळ येते आणि कमान क्षितिजाखाली उतरते. सूर्य ४२ अंशांहून वर गेला, की सपाट जमिनीवरून इंद्रधनुष्य दिसत नाही. मुलांसाठी सोपी खूण अशी, की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर आकाशात कमान शोधू नये. सावली लांब असेल, तर हात ताठ करून डोक्याच्या सावलीपासून दोन विती मोजाव्यात. ताठ हाताची पसरलेली वीत साधारण २० अंश व्यापते, त्यामुळे कमान त्या सुमारासच सापडते.

टेकलेल्या जागी मात्र जाता येणार नाही. इंद्रधनुष्य ही एखाद्या ठिकाणी ठेवलेली वस्तू नसून आपल्या डोळ्यांपासून मोजलेला कोन आहे. आपण पुढे सरकलो, की तो कोन दुसऱ्याच थेंबांना लागू होतो. त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या आईचे इंद्रधनुष्यही, काटेकोरपणे पाहता, मुलीच्या इंद्रधनुष्याहून वेगळ्या थेंबांचे असते.