साडेपाचचं खुराडं

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

दोन गल्ल्या पलीकडे राहतो मी, तरी पत्र लिहायची वेळ आली. तीनदा चक्कर मारली, तिन्ही वेळा तू घरी नव्हतास. तुझा मेसेज वाचला. रात्री पावणेदोनला पाठवलास, म्हणजे झोप लागत नव्हती. मोबाइलवर एवढं लिहिणं माझ्या बोटांना जमत नाही, म्हणून हा कागद. तुझ्या पोरीच्या हाती देतो, ती विसरणारी नाही.

कोजागिरीला ती आमच्या ओट्यावर भुलाबाईची गाणी म्हणायला आली होती. खाऊ ओळखायचा होता. तुझ्या काकूनं डबा हलवला, सगळ्या पोट्ट्या लाडू-चिवडा-शेव ओरडत राहिल्या. तुझीनं डब्याला कान लावला आणि म्हणाली, फुटाणे. फुटाणेच होते. मग तिनं मागं वळून पाहिलं, बाकीच्यांचे आईबाप उभे होते तिकडं. तू कुठं होतास ते मी तिला विचारलं नाही.

तू चार गोष्टी विचारल्यास. अंडी बंद झाली आणि पिसं झडतायत, हा रोग आहे का? रात्री मुंगसानं तीन नेल्या, काय करू? सूनबाई म्हणते दिवाळीआधी उरलेल्या अकरा विकून टाका, आणि तुला वाटतं की करायचंच तर हजार पक्ष्यांचं शेड टाकू. शेवटी जाता जाता लिहिलंस, पोरं जवळ येत नाहीत म्हणून दर रविवारी त्यांना कुठंतरी न्यायचं ठरवलंय. चिखलदरा, बोरधरण की नागपूरचा मॉल, सुरुवात कुठून करू? माझ्या मते तुझ्या मेसेजात प्रश्न हा एकच आहे. बाकीची पिसं आहेत.

तरी पिसांपासूनच सुरू करतो, कारण तेवढंच मला नक्की येतं.

मागच्या आषाढातली पिल्लं तुझी, म्हणजे आता पंधरा महिन्यांच्या कोंबड्या. कोंबडी भरात अंडी देते ती चौदा-सोळा तासांच्या उजेडावर. आपल्याकडं आषाढातसुद्धा दिवस तेरा तासांच्या थोडा वर असतो, दिवाळीपर्यंत तो साडेअकरावर येतो. उजेड आटला की ती अंडं थांबवते आणि जुनी पिसं टाकून नवी घेते. दोन-तीन महिने लागतात. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिन, एकाच वेळी पीस आणि अंडं दोन्ही तिला परवडत नाही. रोग नाही हा. दुकानदारानं गळ्यात मारलेली टॉनिकची बाटली परत कर. एका मडक्यात ओलं शेण, काडीकचरा आणि गोणपाटाचा तुकडा भर, आणि वारुळाजवळ पालथं घालून ठेव. सकाळी वाळवी भरलेली असते. ती टाक त्यांच्यापुढं आणि बाजूला उभा राहून बघ. घरात सोयाबीन येऊन पडलंय म्हणून कच्चंच मूठभर फेकू नको, ते पचत नाही, अंगाला लागत नाही. भाजून, भरडून दे. सरकी तर दाखवूसुद्धा नको. आणि फवारणीचा पंप जिथं धुता त्या बाजूला कोंबडी फिरकता कामा नये, पोरं तर नाहीच नाही.

आता मुंगूस. मुंगूस दिवसा हिंडतं, बापू. रात्री तेही झोपतं. तुझ्या तीन कोंबड्या नेल्या त्या मांजरानं, रानातल्या नाहीतर शेजारच्या. मांजर आलं कारण खुराड्याचं दार लोटलेलं होतं, कडी लावलेली नव्हती. अंधारात कोंबडीला दिसत नाही. बसल्या जागी बसून राहते, कुणीही उचलून न्यावं. सूनबाईला विचारलं मी. ती म्हणाली, मी चुलीपाशी होते, मला वाटलं हे लावतील. तू म्हणतोस तुला वाटलं तिनं लावलं.

म्हणून सांगतो, आणि हे एवढंच सांगायला कागद घेतलाय: खुराडं आपल्या हातानं लाव. रोज. सांजच्याला, कोंबड्या आत जातात तेव्हा तिथं उभा राहा, मोज, कडी घाल, ओढून बघ. अकरा ठेव, पाच ठेव, दोन ठेव, पण कडी तुझ्या हातानं.

तू म्हणशील, काका, माझी ड्युटी बुटीबोरीला साडेपाचला सुटते, गाव गाठायला साडेसात. ठाऊक आहे. आषाढात सातला मावळणारा दिवस आता पावणेसहाच्या आत बुडतो, म्हणजे या दिवसांत तुझं घर तुला उजेडी दिसतच नाही. मग पाळी बदलून माग. पहिल्या पाळीत सहाला जावं लागतं, पहाटे चारला उठावं लागतं, ओव्हरटाइम जातो. जाऊ दे! हप्ता आहे म्हणशील. हप्ता मलाही होता.

मी एकोणतीस वर्षं लोकांच्या कोंबड्यांना लशी टोचल्या. तुला माहीत नसेल, दिवसा मोकळी कोंबडी हाती लागत नाही. गावभर पळवते. ती सापडते दिवेलागणीला, खुराड्यात शिरताना. म्हणजे नोकरीभर, ज्या घटकेला माणसानं आपल्या अंगणात असावं त्या घटकेला मी दुसऱ्याच्या अंगणात गुडघे टेकून, दुसऱ्याच्या खुराड्यात खांद्यापर्यंत हात घालून बसलेलो असे.

1994 सालचा कार्तिक. घरी सतरा कोंबड्या होत्या, पोरगी नऊ वर्षांची. आजूबाजूच्या गावांत मानमोडी, कोंबड्यांची जीवघेणी साथ, सुरू झाली होती. मी रोज थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी घेऊन निघे. कुपी शंभर मात्रांची. एकदा पाणी घालून पातळ केली की दोन तासांत संपवायची, नंतर ती लस राहत नाही. शेवटच्या घरी दोन तास उलटून गेलेले असत. उरलेली फेकून रात्री नऊला घरी यायचो आणि म्हणायचो, उद्या आपल्या. असे अकरा-बारा उद्या गेले. एका सकाळी पोरगी एक तलंग उचलून घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, ही वर पाहून राह्यली." मान पिळवटून चोच आभाळाकडं झालेली होती. पोरीला वाटलं, घार बघतेय. मला बघताक्षणी कळलं. पाच दिवसांत सतरापैकी पंधरा गेल्या. शेवग्याखाली खड्डा खणून चुना टाकून पुरल्या, मी नाही, पोरीनं आणि तिच्या आईनं, कारण त्या संध्याकाळीही मी पलीकडच्या गावाला होतो. तुझी काकू एकच वाक्य बोलली: "गावाच्या कोंबड्याईले सुई, अन् घरच्याईले माती."

आता तू म्हणशील, काका, त्या गावांतल्या कोंबड्या तर वाचल्या ना? वाचल्या. शेकड्यांनी वाचल्या. विधवा बायकांचं मीठ-तेल त्या अंड्यांवर चालायचं, ते चालत राहिलं. मी काय करायला हवं होतं? पाळी बदलून मागण्याची सोय माझ्या कामात नव्हती, कोंबड्यांनीच ती वेळ ठरवलेली होती. हे मी काकूला कितीदा समजावलं. तिनं कधी नाही म्हटलं नाही. पण एक कुपी, एका संध्याकाळी, आधी घरी फोडली असती तर चालण्यासारखं होतं. पहिल्या घरी सहाऐवजी साडेसहाला पोचलो असतो. तेवढा अर्धा तास होता माझ्याकडं. होता.

पोरगी आता अमरावतीला असते. रोज साडेपाचला फोन करते. विचारते, "बाबा, जेवले?" साडेपाचला कोण जेवतं?

असो. सांदवाडीचं, म्हणजे परसातल्या भाजीचं, लिहायचं राहिलं. तुमच्या मोरीचं पाणी वाया जातंय ते वळव. आश्विन संपत आलाय, तरी मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर), मुळा, लसूण सगळं लागेल. धने तसेच टाकू नको, चपलेखाली रगडून दोन फाळ्या कर, मग पेर. ते उगवायला आठ-दहा दिवस घेतात आणि पोरं कंटाळतात, म्हणून शेजारी मेथीचा वाफा घाल, ती चौथ्या दिवशी डोकं वर काढते. दोन्ही वाफ्यांवर बोरीच्या काट्या पसरव, नाहीतर तुझ्या अकराजणी पहिल्याच सकाळी उकरून रांगोळी काढतील. खुराड्यातली विष्ठा ताजी घालू नको, ती गरम असते, रोपं जळतात. काडीकचऱ्यात तीन-चार महिने कुजव. पाणी पोराला घालू दे. चार वर्षांचं पोर अर्धं पाणी पायावर ओतेल, ओतू दे.

शेडचं काय सांगू. बेचाळीस दिवसांत दोन किलोचा पक्षी तयार होतो, हिशेब कागदावर छान दिसतो. हजाराला हजार चौरस फूट जागा लागते. मे महिन्यात आपल्याकडं पारा सेहेचाळीसला जातो तेव्हा दुपारी त्या पत्र्याखाली पाण्याचं धुकं सोडणारा फॉगर बंद पडला तर काय होतं, ते मी खूप ठिकाणी पाहिलंय, लिहवत नाही. चालवणारे चालवतात, चांगलं चालवतात, ते चोवीस तास तिथंच असतात. तुला अकरा कोंबड्यांची कडी घालायला सवड नाही आणि तू हजारांचं बोलतोस! राग येऊ देऊ नको. तुझ्या बापालाही मी असंच बोलायचो, तो हसायचा.

आणि विकू पण नको. पिसं झडलेली कोंबडी दिवाळीत कोण घेईल? घेतली तर मातीमोल. पौषापर्यंत थांब, नवी पिसं येतील, मग अंडी सुरू होतील. एखादी खुडूक बसली तर तिच्याखाली दहा अंडी ठेव आणि पोरीला कॅलेंडरवर एकवीस दिवस मोजायला लाव. सातव्या दिवशी रात्री अंड्यामागं टॉर्च धरून तिला आतली लाल शीर दाखव. मॉलमध्ये एवढं दाखवण्यासारखं काय आहे मला माहीत नाही, मी गेलेलो नाही.

फिरायला ने, नाही कोण म्हणतंय? बोरधरणला ने, पण सकाळी निघ आणि चारला परत फीर. चिखलदरा मुक्कामाचं आहे, ते या वर्षी सोड. कार्तिकात आवळीभोजन कर. तुमच्याच शेताच्या धुऱ्यावर आवळा आहे, तुझ्या बापानं लावलेला. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाज, वांग्याची भाजी, वरण, आणि सूनबाईला त्या दिवशी चुलीपाशी बसवू नको, रोडगे तू भाज. करपतील पहिल्यांदा. आमच्या घरी आवळीभोजन दरवर्षी व्हायचं. मी त्यातल्या दोनला होतो.

रविवार वगैरे ठीक आहे, पण पोरं रविवारनं जवळ येत नाहीत. तू खुराड्यापाशी उकिडवा बस, पोरीला मोजायला सांग. ती एखादे वेळी दहाच मोजेल, मग दोघं मिळून अकरावी शोधा, ती बहुतेक तुरीत असते. पोरगं आपोआप येईल पाठीमागं. बोलायची गरज नाही. कडी घाल, ओढून बघ.

एक काम आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी येतो, साडेपाचला, थर्मास घेऊन. तुझ्या अकरांना लस द्यायची राहिली आहे, मला सूनबाईनं सांगितलं. आधीच्या आठवड्यात जंताचं औषध पाजून ठेव. कुपी शंभर मात्रांची आहे, म्हणून आजूबाजूच्या सात-आठ घरी सांगून ठेव, पण पहिल्या तुमच्या. माझा हात आता कापतो, सुई मी देईन, कोंबड्या तू धरायच्या. सूनबाईनं नाही, पोरीनं नाही. तू नसलास तर मी ओट्यावर बसून राहीन, कुपी फोडणार नाही.

तुझा,
काका