देवाला एवढी स्तुती लागते कशाला?

समुपदेशनाला येणारा ख्रिस्ती माणूस हा प्रश्न सहसा थेट विचारत नाही. झोप लागत नाही, चिडचिड होते, उपासनेला जावंसं वाटत नाही, अशी सुरुवात होते आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत हा प्रश्न हळूच बाहेर पडतो. एक बाई मात्र खुर्चीत टेकता टेकताच म्हणाली, "ज्याला सतत स्वतःचं कौतुक ऐकायला लागतं, त्या माणसाला आपण अहंकारी म्हणतो. देवानं तेच केलं की ते पवित्र कसं होतं?" (ओळख पटू नये म्हणून इतर तपशील बदलले आहेत.)

मंडळीच्या (चर्चच्या) गायनपथकात ती बरीच वर्षं गात होती. अलीकडे ओळीत उभी राहायची, पण धृपद आलं की नुसते ओठ हलवायची. मंडळीत कुणाजवळ बोलली, तर "शंका घेऊ नकोस, प्रार्थना वाढव" एवढंच ऐकायला मिळालं होतं.

अशा वेळी समुपदेशक हमखास करतो ती चूक म्हणजे लगेच उत्तर देणं. उत्तर बरोबर असलं तरी ते नको त्या जागी जाऊन पडतं. आधी विचारायचं ते एवढंच: "स्तुती मागणारा देव मनात बोलतो, तेव्हा आवाज कुणाचा येतो?" ती बराच वेळ गप्प राहिली, मग वडिलांबद्दल बोलू लागली. घरात आणलेल्या प्रत्येक वस्तूबद्दल त्यांना आभार ऐकायचे असत. कुणी विसरलं की दोन-दोन दिवस अबोला. तिच्या लेखी स्तुती म्हणजे तो अबोला टाळण्याची किंमत होती.

म्हणून तिचा प्रश्न खोटा ठरत नाही. "तुमच्या बालपणामुळे तुम्हाला असं वाटतं" म्हणून तो उडवून लावणं हा विचारणाऱ्याचा अपमान आहे. वडिलांचं दुखणं वेगळं हाताळायचं आणि देवाबद्दलच्या प्रश्नाला पवित्र शास्त्रातूनच, म्हणजे बायबलमधूनच, उत्तर शोधायचं. दोन्ही एकाच भेटीत उरकायला गेलं की एकही धड होत नाही.

दुसऱ्या भेटीत स्तोत्र 50 उघडलं. तिथे देव यज्ञ करणाऱ्यांना जवळजवळ चिडवतोच: मला भूक लागली तरी तुला सांगणार नाही, सगळं जग माझंच आहे. प्रेषितांची कृत्ये 17:25 मध्ये पौल अथेन्सच्या लोकांना हेच सांगतो, की देवाला काही उणं आहे म्हणून माणसांच्या हातून सेवा घ्यावी लागते असं नाही. आणि योहान 17:24 मध्ये येशू पित्याला म्हणतो, जगाच्या स्थापनेपूर्वीच तू माझ्यावर प्रीती केलीस. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यात प्रेम आधीपासून भरून आहे. एकट्या पडलेल्या देवानं कौतुकासाठी माणूस घडवला, ही कल्पना त्र्यैक्याच्या, म्हणजे हे तिघं मिळून एकच देव या श्रद्धेत बसतच नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडितानं तर स्पष्ट लिहून ठेवलं, की तोंडानं देवाची स्तुती करायची ती त्याच्यासाठी नव्हे, आपल्यासाठी.

"मग गरज नसताना मागतो कशाला?" तिनं विचारलं. खरी अडचण इथेच आहे, आणि बहुतेक जण इथवर येऊन थांबतात.

इथे एक शब्द कामी येतो. गौरवासाठी हिब्रूत 'काबोद' हा शब्द आहे आणि त्याच्या मुळाशी वजन आहे. आपलं 'गौरव'ही 'गुरु' म्हणजे जड यावरूनच आलं. देवाला गौरव देणं म्हणजे त्याचं वजन वाढवणं नव्हे, ते आहे तेवढं मानणं. माणूस कशाला ना कशाला वजन देतोच: पैशाला, लोकांच्या मताला, वडिलांच्या अबोल्याला. स्तोत्र 115 मूर्तींबद्दल सांगतं, की त्यांवर भिस्त ठेवणारे त्यांच्यासारखेच होतात. म्हणून स्तुतीची आज्ञा ही वसुली नसते. ज्याचा भार आपल्याला पेलत नाही, ते खाली ठेवायला लावणारी ती आज्ञा आहे.

तिनं दहा आज्ञांमधलं निर्गम 20:5 पुढे केलं: "मग 'ईर्ष्यावान देव' म्हणजे काय?" वचन बोचरं आहे, सारवासारव करू नये. फक्त तीन वचनं मागे जावं. 20:2 मध्ये देव आधी सांगतो, मी तुला दास्यगृहातून बाहेर आणलं. सुटका आधी, आज्ञा नंतर. तिच्या घरात क्रम उलटा होता: आधी आभार, मग माया.

तरी तिच्यावर खरा परिणाम केला तो आमोस 5:23 नं. "तुझ्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर कर," असं देव म्हणतो आणि लगेच पुढे न्याय पाण्यासारखा वाहू दे म्हणतो. गायनपथकातली बाई ते वाचून मोठ्यानं हसली. खुशामत आवडणारा कुणी असं बोलत नाही. स्तोत्र 88 सारखी, अंधारातच संपणारी तक्रार उपासनेच्या पुस्तकात ठेवूही देत नाही.

मग दोन आठवड्यांचा सराव दिला. रोज दहा मिनिटं स्तोत्र 13, फक्त वाचायचं, गायचं नाही. सहा वचनं आहेत: पहिल्या दोनांत "कोठवर?" हा प्रश्न, मधल्या दोनांत विनंती, शेवटच्या दोनांत भरवसा. त्याच क्रमानं स्वतःच्या सहा ओळी लिहायच्या. यात बिघडतं ते ठरलेलं असतं. लोक पहिल्या दिवशीच पाचव्या वचनावर उडी मारतात, कारण तक्रार लिहिताना पाप केल्यासारखं वाटतं. दुसरी गडबड म्हणजे झालेल्या जखमेबद्दलच आभार मानायला स्वतःला भाग पाडणं. त्यातून जुना अबोलाच परत येतो, फक्त आता देवाच्या नावानं. म्हणून पहिला आठवडा चौथ्या ओळीपाशीच थांबायला सांगितलं.

पुढच्या भेटीला वही आणली तेव्हा चार ओळी भरलेल्या होत्या. तिसऱ्या ओळीत 'देवा'च्या जागी आधी 'बाबा' लिहून खोडलेलं होतं. रविवारी ती पथकात उभी न राहता बाकावर बसली होती आणि एकही गीत गायली नव्हती. प्रार्थनेला मात्र शेवटपर्यंत थांबली. पाचवी आणि सहावी ओळ कोरीच होती, आणि ती भरायची घाई करायला तिला कुणी सांगितलं नाही.